अन्नपूर्णाच्या हातची वजडी

— नाही, ते थैली तू खाली ठेव, दीपमाला. मोरीपाशी ठेव. हात धू आन् त्या पाटावर बस निवांत, मी करतो. — हाव, मीच करतो, काऊन अशी पाहून राह्यली माह्याकडं? सात महिने झाले तुह्या सासूले जाऊन. सात महिन्यांत बुढ्याले चहा आला, खिचडी आली, भाकर — भाकरीचं नको बोलू, भाकर अजून नकाशावाणी होते — पण गॅस पेटवता येते मले. आन् तो कुठं गेला? चौकात? जाईनच ना. बायकोले दारात उतरवलं, थैली तिच्या हातात देल्ली, आन् शेखरराव चालले मैतरायसंग चहा प्यायले. फोनवर काय म्हणे मले — ‘बाबा, रविवारी येतो, चिखलीहून बकऱ्याची वजडी आणतो, दीपमाला करीन आईच्या हातासारखी.’ आईच्या हातासारखी म्हणे. आईचे हात कसे होते ते त्याले ठाव नाही, मले ठाव नाही, आन् तू करशीन. मोठी गंमत हाये.

सरक जराशी, पाणी आणू दे. हे पाह्य — पहिले ही अशी कढत पाण्यात बुडवाची. बुडवाची आन् काढाची. जास्त ठेवली का हे काळं साल चिकटून बसते, मंग कितीबी घास, निघत नाही. हे मी फुकट नाही शिकलो, दोन वजड्या उकिरड्यावर गेल्या तवा शिकलो. आता सुरीच्या पाठीनं खरडाची. धारेनं नाही, पाठीनं. धार लागली का फाटते. निघाली पाह्य, खाली कशी पांढरी, टावेलावाणी खरबरीत. आन् हे आतडं — हे असं काडीवर चढवाचं आन् उलटं कराचं, पायमोजा उलटा करतो तसं. मंग चुना. खाण्याचा चुना, सुपारीएवढा, त्याच्या वर नाही. चोळाचा, धुवाचं, चोळाचा, धुवाचं, पाणी साफ निघेपर्यंत. पाच पाणी, सहा पाणी. कंबर धरते वं. अर्धा घंटा झाला नाही तर माही कंबर धरली, आन् ती सकाळपासून मिरच्या तोडून आलेली राहे वावरातून — जाऊ दे. तू त्या खिडकीपाशी बसतं का? बस, बस तिथं, हवा लागीन.

तुले वाटत असंन, ह्या बुढ्याले येवढं काय वजडीचं. तुमच्याकडं खात होते का नाही, ते मी कधी इचारलंच नाही. आमच्याकडं आमी दर बाजाराले खाल्ली. भाजीपाल्याचं वावर, अमडापूरचा बाजार, संध्याकाळी उरलेली मेथी, दोन-चार वांगे खाटकाले द्याचे, तो वजडी बांधून दे कागदात. कधी फोफसं टाके वरून, कधी काळजाचा तुकडा. मटण खाणारे सणाले खात, वाटीत तीन तुकडे घेऊन बसत, आन् आमी दर आठवड्याले गंजभर रटरटवो. चव म्हणशीन तर मटणाले नाही ते चव. मटण काय, दातात अडकते. वजडी कशी, वरून मऊ आन् आत जराशी करकर, रस्सा तिच्या त्या खरबरीत घरात शिरून बसते, चावली का तोंडात सुटते. भाजल्या डाळी-मसाल्याचं येसर टाकून जाड रस्सा, वर तेलाचा लाल तवंग, जवारीची कडक भाकर कुस्करली, कांदा बुक्कीनं फोडला — मोठमोठे लोक आले बाजूले सरक म्हणाले तरी मी उठलो नसतो ताटावरून. लबाड कायले बोलू. आजबी नाही उठणार.

म्हून तर ती गेली आन् तीन हप्ते झाले नाही तर मी वजडी घेऊन आलो. लोक म्हणले असतीन, बायकोचं दुःख नाही ह्याले. अरे, दुःख होतं म्हूनच आणली ना. मले वाटलं, हे चव घरात आली का घर जरासं पहिल्यावाणी होईन. झालं काय? नीट धुतली नाही. कुकर उघडला आन् मीच भायेर पळालो. गल्लीतल्या कुत्र्यापुढं टाकली, त्यानं हुंगली आन् माह्याकडं असं पाह्यलं — जाऊ दे. दुसऱ्या खेपेले म्हटलं चुना लावतात, तर लावला मूठभर. बोटाची सालं निघाली, आन् वजडी कशी लागे, पान नसलेला चुना चाटल्यावाणी. तिसऱ्या खेपेले धुणं जमलं, शिजणं जमलं नाही. सायकलची ट्यूब. अर्धा घंटा एक घास चावला मी, दीपमाला, ह्या पाटावर बसून, एकटा. मंग झाकण फेकलं. हे पाह्य, पोचा हाये अजून. आन् मोठ्यानं बोललो तिले, म्हटलं, येवढं तरी शिकवून जायचं होतं. मेलेल्या बायकोवर ओरडलो. मंग काय करता, गेलो शालूबाईकडं.

आल्याचा तुकडा दे तो. लसूण सोललेला हाये, त्या वाटीत. — मी सोलला सकाळी, तुमी येणार म्हून. खोबरंबी भाजून ठेवलं. तू उठू नको.

शालूबाई म्हणजे ही भिंतीपलीकडची. तुह्या सासूची जीवलग. मी गेलो, म्हटलं, शालूबाई, अन्नपूर्णा वजडी कशी करे तेवढं सांगा मले. तर ती आली ओट्यापर्यंत, आत नाही आली, उभ्यानं सांगे, मी करो. असं बुडवा, असं खरडा. मास्तरीणवाणी. आन् मधीच म्हणते, ‘भाऊजी, तोंडाले काही बांधा तुमी, अन्नपूर्णा बांधे.’ म्हटलं, ती धुरासाठी बांधे, चूल होती तवा. आता गॅस हाये, कायले बांधू. तर ते शालूबाई एक पाऊल मांगं सरकली. मी वर पाह्यलं. म्हटलं, काय झालं? म्हणते, ‘धुरासाठी नव्हती बांधत. पदराच्या टोकाले कापराची वडी गाठ मारून ठेवे, ते टोक नाकाशी धरे. तिले वजडीचा वास सोसत नव्हता.’ मले पहिले समजलंच नाही. म्हटलं, वास सोसत नाही मंग खाये कशी? तर काय म्हणते शालूबाई — ‘खाये कुठं भाऊजी? तिनं कधी तोंडात घातली नाही. मीठसुद्धा मी चाखून सांगो, मागच्या दारानं येऊन. वजडीच्या दिवशी ती माह्याकडं जेवे. वरण आन् भाकर.’

म्हटलं, किती वर्षं?

‘सारेच,’ म्हणते.

अडोतीस वर्ष, दीपमाला. अडोतीस वर्षांत किती बाजार झाले? मी इथं, ह्याच जागी बसून बोटं चाटो, आन् माही बायको भिंतीपलीकडं वरण-भाकर खाये, आन् मले पत्ता नाही. मी समजो, ती मागून जेवते, बायका जेवतात मागून. तिच्या वाट्याची वजडी ती एका वाटीत काढून ठेवे. सकाळी ते वाटी तशीच राहे, मी म्हणो, तू नाही खाल्ली? म्हणे, ‘पोट भरलं होतं, खाऊन घ्या तुमी.’ आन् मी खाये. शिळी वजडी आणखी मुरते, आणखी गोड लागते. मले वाटे, किती जीव हाये हिचा आपल्यावर, आपलं राखून ठेवते. लोकायले सांगो मी. बाजारात सांगो — आमची अन्नपूर्णा स्वतःच्या तोंडचं काढून देते.

मले त्या दिवशी काय राग आला म्हणून सांगू. शालूबाईचा आला — तिले म्हटलं, तुमी तरी सांगाचं होतं. ते म्हणते, ‘तिनं शपथ घातली होती.’ आन् अन्नपूर्णाचा त्याहून आला. मुकी होती का ते? तोंड नव्हतं तिले? भाजीत किडा निघाला तर गिऱ्हाइकाशी भांडणारी बाई, तलाठ्याले उभा करून सातबारा मांगणारी बाई, आन् नवऱ्याले येवढं सांगता येत नाही का मले सोसत नाही? मी काय वाघ होतो? खाल्ली असती का मी तिले? म्हटली असती तर मी भायेर खाऊन आलो असतो. नाही तर स्वतः — बरं, स्वतः नसती केली, पण काही केलं असतं. माणसाले कळलं तर माणूस करते ना. कळलंच नाही तर काय करीन? अडोतीस वर्ष तिनं मले येड्यात काढलं, असं वाटलं मले. माह्या ताटात रोज लबाडी वाढली. एक शब्द, एक शब्द म्हणायले काय झालं होतं तिले? कधी म्हटला नाही तिनं. कधीच नाही.

तू उठून कुठं चालली? — बरं, पाणी पे. मलेबी दे गिलासभर.

कुकरले लावतो आता. हळद, मीठ, आन् पहिलं पाणी फेकून द्याचं, हे ध्यानात ठेव — नाही, तू कायले ध्यानात ठेवतं, मी माह्या ध्यानात ठेवतो. आठ शिट्ट्या.

एकदा म्हटलं होतं तिनं.

एकदाच. लग्नाले वर्ष झालं नव्हतं. ते गोष्ट वेगळी, तवा मी बावीस वर्षांचा होतो, माही माय होती, बाप होता, तवाचे दिवस वेगळे — तुले नाही समजाचे. एकोणीस वर्षांची होती ती. मी बाजारातून आलो, वजडी ठेवली बालटीत, म्हटलं साफ करून टाक. ते उभीच. मंग माह्याजवळ आली आन् हळूच म्हणते, मायले ऐकू जाऊ नये अशी, ‘मले हे नाही जमत हो, मले ओकारी येते, आत्याबाईले सांगा ना तेवढं, दुसरं काहीबी काम सांगा.’ हळूच म्हणे बिचारी. पण माही माय दारातच उभी. तिनं ऐकलं आन् हसली. म्हणे, ‘घ्या, आली महाराणी.’ बस, तेवढंच. कोणी मले काही म्हटलं नाही, बापानं पानबी खाली ठेवलं नाही. पण ते हसणं मले असं लागलं, दीपमाला — आन् मी ते बालटी उचलली आन् आंगणात पालथी केली. सारी. माती, शेण, कोंबड्या. आन् तिले म्हटलं, वेच. गल्लीतल्या बाया उभ्या होत्या. म्हटलं, वेच आन् कर.

वेचली तिनं. एक एक तुकडा. रडली नाही. मातीची वजडी किती पाण्यानं धुतली असंन ते मले आता समजते, माहे हात चुन्यानं सोलले तवा समजते. रात्री वाढली. मी दोन भाकरी खाल्ल्या. — आन् गोड झाली होती. हे सांगू का नको सांगू समजत नाही मले, पण गोड झाली होती, त्या दिवसापासून तिच्या हातची वजडी साऱ्या गल्लीत नावाजली.

मारलं नाही मी तिले. हात नाही लावला कधी, तू शालूबाईले इचार. बोटसुद्धा नाही. — पाह्य, लगेच सांगून राह्यलो ना मी, मारलं नाही म्हून. शालूबाईनं सांगतलं तवापासून हेच सांगून राह्यलो स्वतःले. मी येड्यात निघालो, मले कोणी सांगतलं नाही, मले माहीत नव्हतं. माहीत नव्हतं कसं? विसरलो होतो. विसरायले मले एक दिवस लागला, तिले नाही आलं विसरता.

झाल्या आठ? मी मोजल्या नाही. असो, वाफ जाऊ दे.

आता हे पाह्य फोडणी. तेल सढळ. कांदा लाल होऊ द्याचा, घाई नाही. आलं-लसूण. खोबरं. तिखट. येसर शेवटी. आता वजडी, आन् हलवत राह्याचं, कडेनं तेल सुटेपर्यंत. शालूबाई म्हणे, अन्नपूर्णा इथं उभी राहून ओठ मिटून मनातल्या मनात काहीतरी मोजे. काय मोजे कोण जाणे. आता पाणी, कढत. थंड टाकलं का वजडी आखडते. वरून सांबार, हिरवागार, बारीक चिरून. थोडं रटरटू दे. — चाखतो. थांब.

झाली.

झाली वं दीपमाला. मीठ बरोबर. हेच. हेच चव होती. सात महिने ज्याच्यामागं पळालो ते हेच. दाताखाली बराबर तेवढीच करकर. आन् एक घास गेला तर दुसरा पाह्यजे वाटून राह्यला, काय करू, जीभ काही शरमत नाही. मले वाटलं होतं, जमली का मले रडू येईन. नाही आलं. भूक लागली.

तुले वाढू? — नको? सकाळपासून उपाशी असशीन. — अगं, घासभर, चाखून तर —

खातं का वं तू हे?

नाही, खरं सांग. मी मघापासून बोलून राह्यलो आन् तू पाण्याले उठली तेवढं सोडून खिडकीतून तोंड आत नाही घेतलं. मले वाटलं हवेले बसली. चिखलीत करतं ना तू त्याच्यासाठी? दर रविवारी? — दर रविवारी. आन् तू काय खातं मंग? — भात. बरं. त्याले ठाव हाये? — माह्याकडं पाह्य. त्याले ठाव हाये का तुले सोसत नाही ते?

सांगतलं होतं. बरं. मंग काय म्हणे?

काय म्हणे तो, दीपमाला? — बोल, मी त्याचा बाप हाये, पण आता मी फक्त इचारतो. — आईले नाही झाली कधी ओकारी, असं म्हणे? आन्? — ताट? ताट काय केलं? — लोटलं. कुठं लोटलं, तुह्या अंगावर? — खाली. फरशीवर. आन् तू पुसलं.

कवा? — गुढीपाडव्याले. म्हणजे ती जाऊन चार महिने झाले होते. बरं.

नाही, तू रडू नको. रडतं तर रड, मी पाहत नाही तुह्याकडं. मले वाटे, त्यानं काय पाह्यलं असंन, तो तर जन्मलाबी नव्हता तवा. पण आंगणात पालथी केली बालटी एकदा, आन् मंग घरात ते कोणाले बोलायची गरजच पडली नाही, ना तिले, ना मले. तो त्याच घरात वाढला. आईच्या हातासारखी म्हणते तो. आईचे हात म्हणजे त्याले वाटते, आपोआप चालत.

— फटफटीचा आवाज आला. तोच हाये. गल्लीत शिरला का पहिले हॉर्न वाजवते, पाहुणे आल्यावाणी. तू चूळ भर, डोळे पूस. नाही, ताटं नको घेऊ. राहू दे ते गंज, जड हाये, राहू दे म्हटलं ना. वाढाचं असंन तर तो वाढून घेईन, गंज कुठं हाये त्याले दिसते. पण आधी खाणं नाही. आधी मी त्याले ह्या पाटावर बसवतो. भेव नको बाळगू, तुह्यं नाव नाही काढणार मी. तुह्यं काही सांगत नाही मी त्याले. माह्यं सांगतो. आंगणात कुठं उभा होतो, काय म्हटलं तिले, मायच्या हसण्यापायी, कोणकोण पाहत होतं, आन् मंग किती भाकरी खाल्ल्या — सारं. आईची वजडी गोड काऊन होती ते त्याले त्याच्या बापाच्या तोंडून ऐकू दे.

आला. — ये, शेखर. चप्पल भायेर काढ. — तू जा, दीपमाला, ओट्यावर बस जाऊन. नाही, इथं नको थांबू. पोराशी सुनेपुढं नाही येणार मले बोलता. जा आन् दार ओढून घे.